तानसाचा ‘त’ कुठे गेला?

प्राथमिक शाळेतला शुद्धलेखनाचा तास आठवा. गुरुजी वाक्य सांगतात, “पाऊस थांबला पूर्णविराम”. तुम्ही ‘पाऊस थांबला’ एवढे लिहिता आणि पुढे एक टिंब देता. ‘पूर्णविराम’ हा शब्द कोणी लिहीत नाही, कारण तो शब्द नसून आज्ञा आहे हे पहिलीतल्या मुलालाही कळते.

आता समजा गुरुजींनी पुढचे वाक्य सांगितले, “दोघांनी भांडणाला पूर्णविराम दिला पूर्णविराम”. येथे पहिला पूर्णविराम शब्द आहे, दुसरा आज्ञा आहे. हुशार मुलगा अर्थावरून ओळखेल. पण ज्याला अर्थ म्हणजे काय हेच ठाऊक नाही, जो फक्त कानावर पडेल ते क्रमाने उतरवतो, तो लिहील, ‘दोघांनी भांडणाला . दिला .’ अशा मुलाला शिकवायचे तर गुरुजींना आधी एक खूण ठरवावी लागेल. उदाहरणार्थ, “मी ‘अक्षरशः’ म्हटले की पुढचा शब्द जसाच्या तसा लिहायचा.” मग ते सांगतील, “दोघांनी भांडणाला अक्षरशः पूर्णविराम दिला पूर्णविराम.” ‘अक्षरशः’ हा शब्द वहीत उतरणार नाही. तो आपले काम करून नाहीसा होईल. बरे, पण एखाद्या वाक्यात ‘अक्षरशः’ हाच शब्द लिहून हवा असेल तर? तेव्हा गुरुजी म्हणतील, “अक्षरशः अक्षरशः.”

हे ज्याला पटले त्याला आजच्या लेखातला निम्मा भाग समजला. तो अर्थ न कळणारा मुलगा म्हणजे संगणकातला कंपायलर आणि ‘अक्षरशः’ म्हणजे बॅकस्लॅश, ही उलटी तिरपी रेघ: \

आपण ‘सी’ या भाषेचे उदाहरण घेऊ. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या आकड्यांच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. प्रोग्रॅममध्ये जो मजकूर जसाच्या तसा पडद्यावर किंवा फाइलीत जायचा असतो, तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहितात. त्याला स्ट्रिंग म्हणतात. "कसारा" ही एक स्ट्रिंग झाली. अवतरणचिन्ह उघडले की मजकूर सुरू, पुन्हा आले की मजकूर संपला. पण मजकुरातच अवतरणचिन्ह हवे असेल तर तीच पूर्णविरामाची अडचण येते. म्हणून \" असे लिहायचे. बॅकस्लॅशच हवा असेल तर \\ लिहायचे.

एक अडचण आधीच सांगून टाकतो. खऱ्या प्रोग्रॅममध्ये ही अक्षरे रोमन लिपीत असतात. आपले पान देवनागरीत आहे, म्हणून मी रोमन टी, एन, व्ही, बी आणि एम या अक्षरांच्या जागी अनुक्रमे त, न, व, ब आणि म लिहिणार आहे. संगणकापुढे बसाल तेव्हा ती रोमनमध्ये आणि लहान लिपीतच टंकायची. मोठ्या लिपीतली अक्षरे सी भाषा वेगळी मानते.

बॅकस्लॅशला दुसरेही एक काम आहे आणि आपली गोष्ट तेथूनच सुरू होते. काही ‘अक्षरे’ दिसतच नाहीत. नव्या ओळीवर जा, थोडी मोकळी जागा सोड, एक घर मागे ये, घंटा वाजव, या जुन्या टेलिप्रिंटरला द्यायच्या आज्ञा होत. ‘आस्की’ या संकेतात त्यांनाही अक्षरांसारखेच क्रमांक दिलेले आहेत. घंटा ७, एक घर मागे ८, आडवी मोकळी जागा म्हणजे टॅब ९, नवी ओळ १०, उभी टॅब ११. ही अक्षरे कागदावर काढणार कशी? म्हणून \त म्हणजे टॅब, \न म्हणजे नवी ओळ, \व म्हणजे उभी टॅब आणि \ब म्हणजे एक घर मागे, असे ठरले. लिहिताना खुणा दोन, पण कंपायलरने वाचल्यावर उरते अक्षर एकच. अवतरणचिन्ह ३४ आणि बॅकस्लॅश स्वतः ९२, हे क्रमांकही लक्षात ठेवा.

आता कंपायलर हे वाचतो कसा ते पाहू. त्याची तुलना रेल्वेच्या सांधेवाल्याशी करता येईल. स्ट्रिंगच्या आत शिरल्यावर त्याच्यापुढे दोनच स्थिती असतात. पहिली साधी स्थिती. या स्थितीत जे अक्षर येईल ते तो तसेच पुढे सोडतो. अवतरणचिन्ह आले तर स्ट्रिंग संपवतो. बॅकस्लॅश आला तर मात्र काहीच पुढे सोडत नाही, फक्त सांधा बदलतो आणि ‘सावध’ स्थितीत जातो. सावध स्थितीत पुढचे एक अक्षर तो तक्त्यात शोधतो, तक्त्यातला क्रमांक पुढे सोडतो आणि लगेच साध्या स्थितीत परततो. एवढेच. तो मागे वळून पाहत नाही, उजवीकडून वाचत नाही, आणि लेखकाच्या मनात काय होते याचा विचार तर मुळीच करीत नाही.

हे मुद्दाम सावकाश सांगितले, कारण पुढचे सर्व घोटाळे या दोन स्थितींतूनच निघतात. "\\न" हे घ्या. पुष्कळ जण यात नवी ओळ पाहतात, कारण त्यांची नजर शेवटच्या \न वर जाते. सांधेवाला काय करतो? पहिला बॅकस्लॅश: सावध. दुसरा बॅकस्लॅश: तक्त्याप्रमाणे ९२ पुढे सोडला, पुन्हा साधा. मग न: तसाच सोडला. एकूण दोन अक्षरे, एक बॅकस्लॅश आणि एक साधा न. नवी ओळ नाहीच.

माझ्या विषयात, म्हणजे पदार्थविज्ञानात, प्रयोग फसला तर उपकरणाकडे बोट दाखवता येते. येथे तीही सोय नाही. याचा अनुभव मला माझ्या एका विद्यार्थ्याने दिला.

हा मुलगा कसाऱ्याजवळच्या एका पाड्यावरचा. पहाटेच्या लोकलने कॉलेजात येई. आमच्या शहापूर तालुक्याची गोष्ट तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा आमच्याच तालुक्यातले, वैतरणेचे पाणीही आमच्याच डोंगरांतून जाते, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत तलावांच्या पातळीचे आकडे येतात. या मुलाने चार महिने रोज ते आकडे वहीत उतरवून ठेवले होते. वैतरणा, तानसा, भातसा आणि मोडकसागर या चारांचे आलेख काढायचे, शेजारी आपल्या पाड्यावरच्या विहिरीची पातळी मांडायची आणि ते कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायचे, असा त्याचा बेत होता. विहीर त्याने स्वतः दोरीने मोजली होती. मला वाटते, त्या आलेखातली खरी रेघ विहिरीचीच होती.

आकडे संगणकात भरले, प्रत्येक तलावाची वेगळी पेटी केली, म्हणजे फोल्डर केले, आणि प्रत्येकात ‘नोंदी’ नावाची फाइल ठेवली. प्रोग्रॅममध्ये फाइलींचे पत्ते असे लिहिले:

"सी:\तानसा\नोंदी"
"सी:\वैतरणा\नोंदी"
"सी:\भातसा\नोंदी"
"सी:\मोडकसागर\नोंदी"

प्रोग्रॅम चालवला की एकच उत्तर येई: फाइल सापडली नाही. फाइल तर डोळ्यांसमोर होती! त्याने मला विचारले. मी पाहिले आणि, आता सांगायला संकोच वाटतो, सांगितले की फाइलच बिघडली असेल. त्याने सगळे आकडे पुन्हा भरले. पुन्हा तेच. त्याने तिसऱ्यांदा भरले. प्रदर्शन दोन दिवसांवर आले तेव्हा तो म्हणाला, “सर, माझे नाव काढून टाका. हे आपल्याला जमणारे काम नाही.”

तेव्हा मी त्याच्याशेजारी बसलो आणि जे करायला पहिल्या दिवशी सांगायला हवे होते ते आता सांगितले. फाइल उघडू नकोस, फक्त तिचा पत्ता पडद्यावर छापून दाखव. पडद्यावर सी आणि विसर्गासारखी दोन टिंबे आली, मग बरीच मोकळी जागा, मग ‘आनसा’, आणि खालच्या ओळीवर ‘ओंदी’. तानसाचा त आणि नोंदीचा न गायब!

आता तुम्हीच सांधेवाला होऊन पाहा. रोमन लिपीत हा पत्ता १४ अक्षरांचा आहे. सी, दोन टिंबे, मग बॅकस्लॅश: सावध. पुढे टी: तक्त्यात टॅब, म्हणून ९ पुढे सोडला. मग ए, एन, एस, ए तसेच. पुन्हा बॅकस्लॅश: सावध. पुढे एन: तक्त्यात नवी ओळ, म्हणून १०. मग ओ, एन, डी, आय. टंकलेली अक्षरे १४, उरलेली १२. या बारा अक्षरांच्या नावाची फाइल संगणकावर कोठेच नव्हती, म्हणून ‘सापडली नाही’ हे उत्तर अगदी खरे होते.

भातसाची गंमत आणखी वेगळी. रोमनमध्ये भातसा बी आणि एच या अक्षरांनी सुरू होतो. \ब म्हणजे एक घर मागे. त्यामुळे सी आणि दोन टिंबे छापून झाल्यावर पडद्यावरची खूण एक घर मागे आली आणि पुढचा एच त्या टिंबांवरच येऊन बसला. सी, एच, ए, टी, एस, ए. नकाशात नसलेले ‘चातसा’ नावाचे नवे गाव! वैतरणेचा व्ही उभ्या टॅबने खाल्ला. तिचे दर्शन पडद्यापडद्यानुसार निरनिराळे होते, म्हणून ते सोडून देऊ.

तीन तलावांनी असा घोळ घातला तरी कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता, कारण \त, \व, \ब आणि \न हे सर्व त्याच्या तक्त्यात आहेत. त्याच्या दृष्टीने लिहिणाऱ्याला टॅबच हवी होती. फक्त मोडकसागराच्या ओळीवर त्याने एक इशारा दिला होता: \म ही खूण मला ठाऊक नाही. सी भाषेच्या तक्त्यात रोमन एम नाही. त्या मुलाने वापरलेल्या कंपायलरने असा इशारा देऊन बॅकस्लॅश टाकून दिला होता आणि नुसता म ठेवला होता. तो इशारा पहिल्या दिवसापासून पडद्यावर येत होता. “एररच आहे का, वॉर्निंगच तर आहे” म्हणून आम्ही दोघांनी त्याकडे पाहिलेच नव्हते. चौथा तलाव बोलत होता आणि ऐकणारे नव्हते.

उपाय एका मिनिटाचा. प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहायचा: "सी:\\तानसा\\नोंदी". आलेख त्याच संध्याकाळी निघाले.

तुम्ही विचाराल, फाइलीच्या पत्त्यात ही रेघ आलीच कशाला? त्याला इतिहास आहे. युनिक्स प्रणालीत पेट्यांची नावे सरळ तिरप्या रेघेने, / ने, तोडतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत पेट्या नव्हत्या आणि सरळ तिरपी रेघ आज्ञांना जोडायच्या पर्यायांसाठी वापरून झाली होती. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत पेट्या आल्या, तेव्हा ती जागा अडलेली म्हणून उलटी रेघ घेतली. विंडोजने तोच वारसा चालवला. खरे तर विंडोजवर सी प्रोग्रॅममधून फाइल उघडताना सरळ रेघही चालते, आणि मी आता विद्यार्थ्यांना तीच वापरायला सांगतो.

आणि सी भाषेने हीच रेघ का निवडली? सीच्या आधीच्या ‘बी’ या भाषेत या कामासाठी तारका असे, म्हणजे नवी ओळ हवी तर *न लिहीत. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली तेव्हा तारकेच्या जागी बॅकस्लॅश आला. तारकेला गुणाकारासारखी इतर कामे पुष्कळ होती. बॅकस्लॅश मात्र साध्या मजकुरात क्वचितच लागतो. तो कळफलकावर होता याचे श्रेय बॉब बेमर यांना देतात. १९६० नंतरच्या एकदोन वर्षांत आस्की संकेत ठरत असताना त्यांनी ही रेघ त्यात आणली. त्यांचा हेतू मात्र निराळाच होता. तर्कशास्त्रातली ‘आणि’ व ‘किंवा’ ही टोकदार चिन्हे /\ आणि \/ अशी दोन रेघांनी जोडून काढता यावीत, एवढेच त्यांना हवे होते. आणलेली वस्तू भलत्याच कामी येते, याची उदाहरणे विज्ञानात कमी नाहीत.

आता थोडे पुढे जाऊ. कसाऱ्याला गाडी थांबली की मागच्या बाजूला काय चालते ते पाहिले आहे का? मुंबईहून सुमारे १२१ किलोमीटरवर कसारा, आणि तेथून इगतपुरीपर्यंत थळ घाट. १८६५ साली हा लोहमार्ग सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जावे तेव्हा गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशेबात हा फार मोठा चढ. म्हणून गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. अलीकडे पुढे-मागे स्वतःची इंजिने असलेल्या काही गाड्यांना त्यांची गरज पडत नाही, पण ते असो. मुद्दा असा की बँकर इगतपुरीला सुटतो. तो नाशिकला जात नाही. बॅकस्लॅशही तसाच: कंपायलरचा घाट चढवून देतो आणि तेथेच सुटतो. चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो शिल्लक नसतो.

मग एकाच मजकुराला दोन घाट चढायचे असले तर? असे नेहमी घडते. मजकुरात काही शोधण्यासाठी ‘शोध-नमुना’ लिहायची एक छोटी भाषा आहे. तिच्यात टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा असतो. खरेखुरे टिंब शोधायचे तर \. लिहावे लागते, आणि बॅकस्लॅश शोधायचा तर \\ लिहावे लागते. म्हणजे या भाषेचा वाचकही आपला सांधेवालाच. आता हा नमुना सी प्रोग्रॅमच्या स्ट्रिंगमध्ये लिहायचा आहे. पहिला घाट कंपायलरचा, दुसरा नमुना वाचणाऱ्याचा. दुसऱ्या घाटाच्या पायथ्याशी दोन बॅकस्लॅश पोहोचायला हवेत, तर पहिल्या घाटाच्या पायथ्याशी चार लागतील: "\\\\". शोधायची रेघ एक, लिहायच्या चार! तीन घाट असते तर आठ. प्रत्येक घाटात निम्मे गळतात, जणू किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्यच. (बँकरची उपमा येथे सोडावी हे बरे. रेल्वे प्रत्येक घाटाला दुप्पट इंजिने लावीत नाही.)

आता या विषयातला मला सर्वांत नवलाचा वाटणारा भाग. सावध स्थितीतला कंपायलर तक्त्यात पाहतो आणि न साठी १० हा क्रमांक देतो, असे मी म्हटले. हा तक्ता कोठे असतो? अर्थात कंपायलरच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये. पण सीचा कंपायलर पुष्कळदा सी भाषेतच लिहिलेला असतो. तो उघडून पाहिला तर तेथे साधारण असे लिहिलेले सापडेल: ‘बॅकस्लॅशनंतर न आला, तर \न चा क्रमांक दे.’ अहो, पण \न चा क्रमांक काय, हेच तर आपल्याला हवे होते! १० हा आकडा त्या मजकुरात कोठेही नाही.

घाबरू नका, घरात जाऊन आईला दही लावण्याची कृती विचारा. ती सांगेल, “दूध कोमट कर आणि त्यात चमचाभर दही घाल.” दही करायच्या कृतीत दहीच! तरी रोज दही लागते, कारण कालचे दही भांड्यात शिल्लक असते. ते विरजण आजच्या दुधात गुण उतरवते. कंपायलरचेही तसेच. कंपायलरचा नवा मजकूर कालच्या तयार कंपायलरमधून घातला जातो, आणि \न म्हणजे १० हे त्या कालच्या कंपायलरला ठाऊक असते. तो नव्यात १० उतरवतो. उद्याच्याला नवा शिकवतो. लिहिलेल्या कृतीत आकडा नसला तरी विरजणात तो आहे.

पहिले विरजण आले कोठून? कोणीतरी एकदा खरा आकडा लिहिला होता. १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांना मिळाले. त्या निमित्ताने टॉम्पसन यांनी केलेले भाषण १९८४ साली छापले गेले, त्यात त्यांनी नेमके हेच उदाहरण घेतले आहे, आणि तेही आपल्या वैतरणेच्या \व चे! समजा कालच्या कंपायलरला \व ठाऊक नाही. नव्या मजकुरात ‘व आला तर \व चा क्रमांक दे’ असे लिहिले, तर कालचा कंपायलर म्हणेल, हे \व काय आहे? म्हणून प्रथम सरळ लिहायचे, ‘व आला तर ११ दे.’ यातून जो कंपायलर तयार होईल त्याला \व कळेल. मग मजकुरातले ११ खोडायचे आणि तेथे \व लिहायचे. आता चालते. ११ हा आकडा लिहिलेल्या कृतीतून कायमचा गेला, पण पिढ्यान् पिढ्या उतरत राहिला. विरजण संपलेल्या घरात कोमट दुधात मिरचीचे देठ टाकून दही लावून पाहतात, ते देठ म्हणजे हे ११. एकदाच लागतात, पुढे दह्याला दही पुरते.

हे ऐकायला गोड वाटते, पण टॉम्पसन यांना सांगायचे होते ते तितकेसे गोड नव्हते. ११ सारखी निरुपद्रवी गोष्ट जर अशी गुपचूप उतरते, तर वाईट गोष्टही उतरेल. त्यांनी दाखवले की कंपायलरमध्ये दोन युक्त्या घालता येतात. एक, संगणकात प्रवेश देणारा प्रोग्रॅम ओळखून त्यात एक चोरदरवाजा ठेवायचा. दुसरी, कंपायलरचाच मजकूर समोर आला की तो ओळखून त्यात या दोन्ही युक्त्या पुन्हा घालायच्या. मग मजकुरातून दोन्ही पुसून टाकायच्या. कोणीही कितीही बारकाईने मजकूर वाचला तरी त्याला काही सापडणार नाही. दोष कृतीत नाहीच, तो विरजणात आहे.

यावर उपाय आहे का? डेव्हिड व्हीलर यांनी २००५ साली एक पद्धत मांडली, तीही विरजणाच्या भाषेत सांगता येते. शेजारच्या, अगदी वेगळ्या घरचे विरजण आणा. आपल्याच कृतीने त्यावर दही लावा, आणि त्या दह्याचा चमचा घेऊन पुन्हा आपल्याच कृतीने लावा. कंपायलर काटेकोर असेल आणि विरजणात भेसळ नसेल, तर हे दुसऱ्या वेळचे दही आणि घरचे जुने दही यांत एका बिटाचाही फरक पडता कामा नये. फरक पडला तर कोठेतरी पाणी मुरते आहे. दोन्ही घरांत नेमकी तीच भेसळ असली तर मात्र ही परीक्षा फसेल, म्हणून शेजारी निवडताना तो खरोखरच परका हवा.

जाता जाता भातसाचा आणखी एक प्रताप सांगतो, कारण असे उदाहरण शोधून मिळायचे नाही. बॅकस्लॅशनंतर रोमन एक्स लिहून पुढे अक्षराचा क्रमांकही देता येतो, पण तो सोळा अंकी पद्धतीने. तिच्यात ० ते ९ आणि पुढे रोमन ए ते एफ ही अक्षरे अंक म्हणून चालतात. घंटेचा क्रमांक ७. घंटा वाजवून भातसाचे नाव छापायचे म्हणून कोणी एक्स, ७ आणि लगेच रोमनमध्ये भातसा लिहिले, तर काय होईल? सी भाषेत एक्सनंतर जितके अंक सापडतील तितके सगळे कंपायलर गिळतो. भातसाचा बी हासुद्धा त्याला अंकच वाटतो, आणि त्याची किंमत ११. सात सोळे बाराशेबारा नव्हे, एकशे बारा. त्यात ११ मिळवून १२३. हा महिरपी कंसाचा क्रमांक. घंटा वाजत नाही आणि महिरपी कंसानंतर ‘हातसा’ छापले जाते. वैतरणा लिहिली असती तर घंटा नीट वाजली असती, कारण व्ही हा अंक नाही. सुटका सोपी आहे. एक्स आणि ७ एका अवतरणात, भातसा दुसऱ्या अवतरणात, दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे. खुणांचा अर्थ लावून झाल्यावरच कंपायलर शेजारच्या स्ट्रिंगा जोडतो.

देवनागरीसाठी रोमन यूची खूण आहे. युनिकोड संकेतात देवनागरीला सोळा अंकी ०९०० पासूनचे क्रमांक दिले आहेत. क चा ०९१५, स चा ०९३८, र चा ०९३०, आणि काना स्वतंत्र, त्याचा ०९३ई. तेव्हा कसारा म्हणजे क, स, काना, र, काना, अशी पाच चिन्हे. प्रत्येकासाठी बॅकस्लॅश, यू आणि चार अंक, म्हणजे एकूण ३० खुणा टंकायच्या. यूनंतर अंक नेमके चारच असतात, त्यामुळे येथे भातसासारखा अपघात संभवत नाही. आपला हलन्तही या यादीत आहे, ०९४ड म्हणजे शेवटी रोमन डी. तोही एक प्रकारे बॅकस्लॅशचा भाऊ, कारण तो स्वतः दिसण्यापेक्षा शेजारच्या अक्षराचे रूप बदलण्याचे काम जास्त करतो. फरक एवढाच की बॅकस्लॅश आधी येतो, हलन्त नंतर.

संगणक नसला तरी हे सर्व वर्गात करून पाहता येते. शिक्षकांनी फळ्यावर एक स्ट्रिंग लिहावी. एका मुलाने डावीकडून एकेक खूण वाचावी. दुसऱ्याने सांधेवाला व्हावे, हातात हिरवे आणि लाल असे दोन कागद घ्यावेत. साधा असताना हिरवा वर, सावध असताना लाल वर. तिसऱ्याने सांधेवाला सांगेल तेवढेच लिहावे. मधेच कोणी अर्थ लावू लागला तर तो बाद. सुरुवातीला "\\त\त" घ्या. टंकलेल्या खुणा पाच, उत्तर तीन यायला हवे. मग "अ\\" आणि "अ\\\" घ्या. यांतली एक स्ट्रिंग संपते आणि दुसरी संपतच नाही, कंपायलर पुढचा मजकूर वाचत सुटतो. ती कोणती, हे बॅकस्लॅशांची संख्या सम की विषम यावरून एका दृष्टिक्षेपात सांगता येते.

हे जमले की तीन मुलांची दुसरी रांग मागे उभी करा, म्हणजे दोन घाट झाले. दोन्ही घाटांचे नियम एकच, आणि नवी ओळ हे तयार अक्षर दुसऱ्या घाटातून तसेच पुढे जाते असे धरा. आता पाच बॅकस्लॅश आणि न, म्हणजे "\\\\\न", ही स्ट्रिंग पाठवा. नंतर सहा बॅकस्लॅश आणि न पाठवा. पहिल्या घाटानंतर एकीत तीन अक्षरे उरतील, दुसरीत चार. तरी दुसऱ्या घाटानंतर दोन्हींतून हुबेहूब तीच दोन अक्षरे बाहेर पडतील. असे का होते, ते कागदावर सांधे बदलत शोधून काढा.